बंदूक कोणाच्या हुकुमावर?

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी तेल अवीवच्या लष्करी न्यायालयाने सार्जंट एलोर अझारियाला १८ महिन्यांची कैद सुनावली आणि इथे अश्दोदला आमच्या घरात जेवतानाच वाद पेटला. माझा मुलगा पुढच्या वर्षी सैन्यात जाणार होता. इस्राईलमध्ये ते सक्तीचंच आहे. त्याची आजी, मूळची अलिबागची, म्हणाली, ‘‘पोरगाच तो. सोडून द्यायला हवं होतं.’’ पंतप्रधान नेतान्याहूही तेव्हा त्याला माफी द्या म्हणाले होते.

भारतातल्या नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगते. २४ मार्च २०१६ रोजी हेब्रोनमध्ये दोन पॅलेस्टिनी तरुणांनी एका सैनिकावर चाकूहल्ला केला. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. एक ठार झाला, दुसरा, अब्देल फत्ताह अल-शरीफ, जखमी होऊन रस्त्यावर पडला. खटला यापुढचा आहे. सुमारे ११ मिनिटांनी अझारियाने त्याच्या डोक्यात गोळी घातली. जखमींवर उपचार करणं हेच खरं तर अझारियाचं काम होतं! हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं. त्याच्या अंगावर स्फोटकं असतील अशी भीती वाटली, हा बचाव कोर्टाला पटला नाही. माझ्या मित्राला भोसकणारा मेलाच पाहिजे, अशा अर्थाचं तो तिथेच बोलला होता.

‘सगळ्यांचा मुलगा’ म्हणून त्याच्यासाठी मोर्चे निघाले. तेव्हाचे लष्करप्रमुख आयझेनकोट यांनी मात्र ठणकावलं, की सैनिक हा सगळ्यांचं लेकरू नव्हे. तो लढवय्या आहे. मला त्यांचं पटतं. वीस वर्षांच्या रागावलेल्या मुलाने कोण जगावं ते ठरवायचं म्हटलं, तर अधिकाऱ्याच्या हुकुमाला अर्थ काय? आणि जो मुलगा हात आवरेल तो मित्रांत भित्रा ठरेल. सरकारी पक्षाने तीन ते पाच वर्षं मागितली होती. शिक्षा कमी की जास्त, यावर वाद होऊ दे. पण गुन्हा हा गुन्हाच.

मुलाने विचारलं, ‘‘खरंच स्फोटकं असली तर?’’

नवरा म्हणाला, ‘‘तर लोकांना मागे हटवायचं, अधिकाऱ्याला सांगायचं. तिथे तर लोक त्याच्या आसपास बिनधास्त फिरत होते.’’

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘हे सगळं त्याला तिथे नीट शिकवतील ना?’’