प्रयोजनाचा रकाना

कर्जाच्या अर्जात ‘प्रयोजन’ नावाचा एक रकाना असतो. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाची नजर अर्ज हाती येताच आधी तिथे जाते; कारण मागितलेली रक्कम बहुधा खरी असते, प्रयोजन मात्र लिहिण्यापुरते असते. घरात मुलासाठी पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर घ्यायचा बेत शिजू लागला, की मला हाच रकाना आठवतो. चिरंजीव म्हणतात, ‘अभ्यासासाठी.’ आईबाबा मान डोलावतात. आणि त्या यंत्रावर पहिल्या संध्याकाळी गेमच सुरू होणार, हे दोन्ही पक्षांना पक्के ठाऊक असते.

हे खोटे महागात पडते, आणि तेही रोकड्या हिशेबात. ‘अभ्यास’ म्हटले की दुकानदार अभ्यासापुरते यंत्र जुळवून देतो. सहा महिन्यांनी ग्राफिक्स कार्डाची मागणी येते. मग कळते, की जुन्या एसएमपीएसला ते कार्ड पेलत नाही, आणि कॅबिनेटमध्ये ते मावतही नाही. एका खर्चाचे तीन होतात.

त्यापेक्षा कोऱ्या कागदावर सरळ लिहावे : रात्री जेवणानंतर तासभर गेम, सुटीत व्हिडिओचे संकलन, जमल्यास थ्रीडी चित्रे. गेमचे नाव लिहिले गेले की त्याची वेळही ठरवता येते. चोरून चालणाऱ्या गोष्टीला वेळापत्रक नसते. पैशाची वाटणीही मग सोपी होते. मोठा हिस्सा ग्राफिक्स कार्डाचा, पण तो पडदा पाहून. साध्या फुल एचडी पडद्यासाठी फोर-केच्या ताकदीचे कार्ड घेणे म्हणजे बोळात ट्रक घालणे. बहुतेक गेमना सोळा जीबी रॅम पुरते. संकलनाचे मोठे काम बत्तीस मागते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची उचल सुरू केली. म्हणून मदरबोर्डवर पुढे रॅम वाढवायला जागा ठेवावी. मात्र डीडीआर-४ च्या खाचेत डीडीआर-५ बसत नाही, हे पैसे मोजण्याआधी पाहावे.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटणारी ती पेटी, कुणाच्या नजरेत भरत नाही. नेमकी तिथेच काटकसर होते. स्वस्तातली पेटी जळताना एकटी जळेलच असे नाही.

‘चित्रे काढून पोट भरते का?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यांच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो ‘ब्लेंडर’ या सॉफ्टवेअरवर झाला, आणि ब्लेंडर कुणालाही फुकट मिळते. प्रत्येक घरात ऑस्कर येईल असे माझे म्हणणे नाही. पण यादीत सॉफ्टवेअरपुढे शून्य लिहिता येते, ही काही लहान गोष्ट नव्हे. शिवाय गेम पळवणारे कार्डच थ्रीडी चित्रेही वेगाने तयार करते. एकच गडी दोन्ही शेतांवर राबतो.

ही यादी मुलानेच करावी. कुठला प्रोसेसर कुठल्या मदरबोर्डवर बसतो, एकूण वीज किती लागेल, हे त्यानेच शोधावे. आमच्या शाखेत ऐंशीच्या दशकात लेजर पोस्टिंग मशीन आले, तेव्हा आम्ही त्याच्याकडे शत्रूची तोफ पाहावी तसे पाहत होतो. आजही मला यंत्रातले फारसे कळत नाही. पण पोराने बेरजेसह मांडलेली यादी म्हणजे चक्क प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि तो वाचता येतो. बापाने दोनच गोष्टी कराव्यात : रक्कम आधी सांगावी, आणि नंतर वाढवू नये.

मग लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग) तीन दुकानांतून भाव काढावेत. ‘बिल नको असेल तर कमी करतो,’ असे कुणी म्हणाले की पुढच्या दुकानात जावे. अठरा टक्के जीएसटी बोचतो खरा, पण वॉरंटी मागायला पक्के बिलच लागते.

राहता राहिला यूपीएस. यादीत तो शेवटी असतो आणि काट त्याच्यावरच पहिली बसते. तिथे आजोबांनी पाकीट काढावे.