दिवसा दिसणारा चंद्र
चंद्र रोज सरासरी १२ तास क्षितिजाच्या वर असतो आणि त्याचा उदय दररोज सुमारे ५० मिनिटांनी लांबतो, म्हणून त्याच्या मुक्कामाचा बराचसा भाग दिवसा येतो. हवेत विखुरलेल्या सूर्यप्रकाशात तारे लोपतात. चंद्रावर मात्र पृथ्वीइतकेच प्रखर ऊन पडते. त्यातले जेमतेम १२ टक्के परावर्तित झाले, तरी बिंब निळ्या आकाशात उठून दिसते. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, म्हणून दुपारनंतर तो पूर्वेकडे शोधावा. वद्य अष्टमीचा मध्यरात्री उगवून दुपारपर्यंत टिकतो. गोकुळाष्टमीनंतरच्या सकाळी आभाळ मोकळे असेल, तर तो पश्चिमेकडे सहज दिसतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यासमोर असल्याने सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. अमावास्येला तो सूर्याच्या दिशेने असतो आणि त्याची उजळ बाजू पृथ्वीकडे नसते. त्यामुळे तो दिसतच नाही. दिवसाच्या चंद्रावरचे डाग काळे न दिसता निळसर दिसतात, कारण पृथ्वीचे उजळलेले वातावरण चंद्राच्या अलीकडे असते आणि त्याचा निळा प्रकाश बिंबावरही पसरलेला दिसतो.