आधी पिस्टन, मग टर्बो

परवा नातू म्हणाला, "आजोबा, गाडीला टर्बो बसवतोय. आतलं सगळं तेच ठेवणार."

मी पडलो मराठीचा मास्तर, पण गप्प बसवेना. टर्बो जादा हवा कोंबतो, जादा पेट्रोल जळतं, दाब वाढतो. तो झेलायचा पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडनं. नॉकिंग झालं की साधा ओतीव पिस्टन तडकतो. म्हणून फोर्ज्ड, म्हणजे घडीव घालतात.

१९९३च्या टोयोटा सुप्रात ३ लिटरच्या इंजिनाची दोन रूपं होती. साध्याचं कॉम्प्रेशन १०:१, टर्बोचं ८.५:१, शिवाय पिस्टनखाली तेलाचे फवारे. कंपनीला जे टाळता आलं नाही, ते आमचे चिरंजीव टाळणार!

पैसे कमी पडत असतील तर टर्बो थांबवावा, घडीव पिस्टन नव्हे. कच्च्या मुलाला वरच्या वर्गात ढकलण्याचे परिणाम मी पाहिलेत.

नातू रुसलाय. असो. रुसू दे.