मीटर कोणाच्या सोयीचा?

तुमसर तालुक्यातील आंबागडच्या परिसरात धानाच्या बांधीत राबणाऱ्या शेतमजुराने स्मार्ट मीटर कधी मागितला होता? तो हवा होता कंत्राटदारांना. 2023 साली महावितरणने अदानी समूहाला दिलेली दोन कंत्राटेच 13,888 कोटी रुपयांची होती. केंद्राचे अनुदान मात्र मीटरमागे फार तर 900 रुपये. उरलेला बोजा वीजदरातून ग्राहकाच्याच माथी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आधी पैसे, मग वीज, हा मूळ बेत. 2003 च्या वीज कायद्याच्या 47व्या कलमाने प्रीपेड मीटर ग्राहकाच्या इच्छेवर सोपवला. 56व्या कलमाने थकबाकीदारालाही वीज तोडण्यापूर्वी 15 दिवसांच्या नोटिशीचे संरक्षण दिले. शिल्लक संपताच अंधार करणारी यंत्रणा हे संरक्षण गुंडाळून ठेवते. विदर्भासह राज्यभर विरोध उसळला, तेव्हा जून 2024 मध्ये सरकारने सामान्य ग्राहकांपुरती माघार जाहीर केली. पुढे स्मार्ट मीटरच 'टीओडी' हे नाव धारण करून, वापरानंतर बिल देण्याच्या बोलीवर घरोघरी आले. दिवसाच्या वापराला सवलत, हे आमिष दाखवण्यात आले. पण दिवसा रोवणीला गेलेल्या मजुराच्या घरी दिवा लागतो तो रात्री!

विरोध यंत्राला नाही, ते लादण्याला आहे. ग्राहकाची लेखी संमती, खर्चाचा जाहीर हिशेब आणि नोटिशीचा हक्क, या तीन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत उभे राहिले पाहिजे.