ट्रॉफी नको, पाऊण तास द्या

आपल्याकडे संगीताच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या पोराला काय मिळतं? एक ट्रॉफी, एक प्रमाणपत्र, पाहुण्यांबरोबर फोटो आणि दोन दिवसांनी पेपरात 'सुयश' या मथळ्याखाली चार ओळी. वाजवायला काय मिळतं? काही नाही. जे वाजवायचं ते त्याने स्पर्धेतच वाजवलेलं असतं, दहा मिनिटांत, एक कान घंटेकडे ठेवून. माझं आजचं भांडण एवढ्या एकाच गोष्टीशी आहे आणि ते जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

हा विषय डोक्यात शिरला तो भाचीमुळे. ती न्यू जर्सीत असते, अकरावीत आहे, व्हायोलिन वाजवते. तिचा फोन आला, "मामा, मी ऑर्केस्ट्राच्या कॉम्पिटिशनमध्ये भाग घेतलाय." फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारी बसली होती. आता आमच्या बीड जिल्ह्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हे इकडच्यांना सांगायला नको. जत्रेत नाहीतर गणपतीत रात्री दहानंतर सुरू होतो, चमचमत्या कोटातला एक निवेदक असतो आणि फर्माइशींच्या चिठ्ठ्या येतात. आईने कपाळावर हात मारला. "अगं, शिकायला गेलीस ना तिकडं?" तिची समजूत घालता घालता मलाच आधी नीट समजून घ्यावं लागलं.

तर प्रकार असा. तिकडे गावोगावी शाळकरी मुलांचे मोठे वाद्यवृंद असतात. साठ-सत्तर पोरं, व्हायोलिन, चेलो, बासरी, तुताऱ्या, नगारे, सगळं. कन्चेर्टो म्हणजे एका वाद्यासाठी आणि सबंध वृंदासाठी मिळून लिहिलेली रचना. एकटा पुढे, बाकीचे मागे, आणि दोघांचं बोलणं चालू. भाचीने निवडला होता मेंडेलसोनचा ई मायनर, जो १८४५ साली लाइपझिगमध्ये पहिल्यांदा वाजला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आधी वृंदाने लांबलचक प्रस्तावना करायची आणि मग एकट्याने यायचं. मेंडेलसोनने ते मोडलं. दीड माप होतं न होतं तोच व्हायोलिन सुरू. म्हणजे सावरून बसायलाही वेळ नाही, असं भाची म्हणाली.

स्पर्धेत वृंद नसतो. एक पियानोवाला वृंदाचा भाग वाजवतो आणि मुलं त्याच्याबरोबर, बहुधा कागदाशिवाय, आपला भाग वाजवतात. परीक्षक ऐकतात. आणि जो जिंकतो त्याला मिळतं काय? तर पुढच्या जाहीर कार्यक्रमात तोच कन्चेर्टो खऱ्याखुऱ्या वृंदाबरोबर वाजवायला मिळतो. हेच बक्षीस. ट्रॉफीबिफी असली तर असेल, तिचा उल्लेखही भाचीने केला नाही.

मला हे ऐकून आधी हेवा वाटला आणि मग राग आला. राग तिकडच्यांचा नव्हे, आपला.

(तिकडचं सगळं छान असं मी म्हणत नाहीये, उगाच तुटून पडू नका. तिथेही शिकवणीचे, वाद्याचे, त्या पियानोवाल्याचे पैसे आईबापच भरतात, आणि ज्याच्याकडे ते नाहीत त्याचं पोर त्या फेरीपर्यंत पोचतच नाही. ताई, हे तुलाही उद्देशून आहे.)

आता आमचं बघा. मोठ्या दादाचा मुलगा, माझा पुतण्या, अंबाजोगाईला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पखवाज वाजवतो. गावच्या सप्ताहात मृदंगाला बसता बसता शिकला, मग दोन वर्षं आळंदीला राहिला. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तिकडची वाट आमच्या भागातल्या कित्येक पोरांनी तुडवली आहे. कॉलेजात आल्यावर त्याला कळलं की 'शास्त्रीय तालवाद्य' नावाचा एक प्रकार युवक महोत्सवात असतो. आमचं विद्यापीठ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जालना, बीड आणि धाराशिवची कॉलेजंही त्यातच येतात. तिथून निवडलेली पोरं पुढे राज्याच्या 'इंद्रधनुष्य'ला जातात, पश्चिम विभागाला जातात, नशीब असेल तर राष्ट्रीय महोत्सवाला. मोठी साखळी आहे. खेड्यातल्या पोराला विद्यापीठाच्या मंचावर चढवणारी दुसरी वाट मला तरी माहीत नाही, म्हणून ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण जे घडतं ते सांगतो. आता सांगतोय ती स्पर्धा या साखळीतली नाही, एका संस्थेची होती. नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. मी बरोबर गेलो होतो. लेहरा धरणारा हार्मोनियमवाला पुतण्याला त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा भेटला. चौतालाचा लेहरा कुठल्या लयीत धरायचा हे दोघांनी जिन्यात उभं राहून ठरवलं. वाद्य लावायला मिनिटं मिळणार पाच. पखवाजाच्या धुमाला ताजी कणीक लावायची, ती कमीजास्त करत आवाज जुळवायचा, मग हातोडीने शाईची बाजू पेटीच्या सुराला आणायची, आणि बाहेर भर दुपारचं ऊन. कणीक सुकते, सूर चढतो. पाच मिनिटांत हे कसं करायचं ते नियम लिहिणाऱ्यांपैकी एकाने तरी करून दाखवावं.

मग वाजवायला दहा मिनिटं. चौताल बारा मात्रांचा. विलंबित लयीत थापीचे बोल शांतपणे मांडायचे, ठेका श्रोत्याच्या अंगात मुरू द्यायचा, मग हळूहळू विस्तार, परणं, शेवटी रेला, असा तो डाव असतो. दहा मिनिटांत हे मांडायला जाणारा पोरगा मूर्ख ठरतो. पुतण्याच्या आधीचे तिघे थेट रेल्यावर आले आणि टाळ्या घेऊन गेले. पुतण्याने चार मिनिटं विलंबित वाजवलं. रेल्याला आला आणि घंटा झाली. तिसरा नंबर. गुण किती, चुकलं काय, कोणी सांगितलं नाही. विचारायला गेलो तर परीक्षक जेवायला गेले होते.

तिसरा नंबर आला याचं मला काही नाही. पहिला आला असता तरी काय होणार होतं? तीच ट्रॉफी जरा उंच असती.

आणि गंमत अशी की पखवाज हे मुळात एकट्याने गाजवायचं वाद्य नव्हेच. ते ध्रुपदाच्या मागे वाजतं, कीर्तनाच्या मागे वाजतं. पखवाजीचा कस लागतो साथीत. समोरचा गवय्या कुठे निघालाय हे ओळखायचं, त्याच्या बरोबरीने चालायचं आणि समेवर त्याच्याआधी न पोचता पोचायचं. स्पर्धेत या गोष्टीला गुणच नाहीत. तिथे बघतात ते हात किती जोरात चालतो.

आमच्या जिल्ह्यात तर हे बघायला लांब जावं लागत नाही. नारायणगडाच्या, गहिनीनाथगडाच्या परिसरातल्या कुठल्याही गावी सप्ताहाला जा. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. बुवांच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगा, तीस, चाळीस, कधी त्याहून जास्त. बाजूला मृदंग. बुवा चाल बदलतात, नुसती मान हलवतात, आणि मृदंगावरची लग्गी त्याच क्षणी बदलते आणि चाळीस टाळ तिच्यामागे जातात. मध्येच बुवा थांबतात, मृदंगवाल्याकडे बघून हसतात. मग टाळकरी लय धरून ठेवतात आणि तो एकटा परण मांडतो. मंडपात झोपेला आलेली म्हातारी माणसं सरळ होऊन बसतात. परण समेवर आलं की सगळा मंडप एका आवाजात गजर उचलतो. भाचीला मी सांगितलं, बाई, तुझा कन्चेर्टो तो हाच. फक्त आम्ही त्याची स्पर्धा ठेवत नाही आणि स्पर्धा ठेवतो तिथे हा नसतो.

यावर दादा म्हणतो, "मग सप्त्यातच वाजवू दे की त्याला. कशाला त्या स्पर्धा न् बिर्धा?" दादाचं म्हणणं मला पटत नाही. सप्ताहात वाजवायला भरपूर मिळतं, पण चाळीस मिनिटं फक्त पखवाज ऐकायला बसलेला श्रोता मिळत नाही. ध्रुपद गाणारा माणूस मिळत नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्याच आपेगावचे (पैठणजवळचं आपेगाव ते वेगळं) पद्मश्री शंकरबापू आपेगावकर कीर्तनातला हा पखवाज मैफलीच्या मंचावर घेऊन गेले. पुढे त्यांचे चिरंजीव उद्धवबापूंनी ती वाट चालवली. म्हणजे सप्ताहाच्या मंडपातून मैफलीत जाता येतं हे आपल्याच तालुक्याने दाखवलंय. आजच्या पोराला तिकडे जायचं तर त्याच्यासमोर दारं किती आहेत? स्पर्धा हे एक. आणि ते दार उघडलं की आत खोली नाही, थेट भिंत. भिंतीवर ट्रॉफी.

दुसरा आक्षेप मित्रांचा. कलेत स्पर्धाच नको म्हणणारे. हे बोलायला फार छान आहे आणि पुण्यात राहून बोलायला तर फारच छान. तिथे गुरू आहेत, मंडळं आहेत, सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आहे. तिथल्या पोराला स्पर्धा नसली तरी कोणीतरी ऐकतं. केज नाहीतर पाटोद्याच्या पोराचं नाव स्पर्धेत पुकारलं गेलं नाही तर ते कुठे पुकारलं जाणार?

मला स्पर्धा हवी आहे. तिचं बक्षीस बदलून हवं आहे.

भाचीचा निकाल सांगायचा राहिला. ती जिंकली नाही. चेलो वाजवणारा एक मुलगा जिंकला. पण तिला प्रत्येक परीक्षकाचा शेरा लेखी मिळाला, कुठल्या जागी लय सुटली तेसुद्धा. आणि मार्चमध्ये तो मुलगा पुढे बसून वाजवेल तेव्हा ती मागे दुसऱ्या व्हायोलिनांत बसून त्याला साथ करणार आहे. हरलेली सगळीच पोरं वृंदात बसून जिंकणाऱ्याला साथ करणार आहेत आणि त्यासाठी आतापासून दर शनिवारी तालमी चालू आहेत. आमच्याकडे हरलेली पोरं निकाल लागायच्या आत एसटी स्टँडवर असतात. शेवटची गाडी चुकू नये म्हणून. त्यांचीही चूक नाही.

तर मागणी साधी आहे. तालवाद्यात, सुरवाद्यात, गायनात जो पहिला येईल त्याला त्याच वर्षी जिल्ह्यातल्या एखाद्या चांगल्या मंचावर पाऊण तास द्या. अंबाजोगाईत नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, त्यात संगीताची सभा असते, मोठे कलावंत येतात, ऐकणारे जाणकारही येतात. मुख्य कलावंताच्या आधीचा पाऊण तास अशा पोराला दिला तर कोणाचं काय बिघडतं? पखवाजवाला असेल तर अर्धा वेळ एकट्याचा आणि अर्धा एखाद्या गवय्याच्या साथीला. लेहरा धरणाऱ्याबरोबर आधी दोन दिवस तालीम. पोरालाही मानधन, कमी असू दे, पण पाकिटात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्यांनाही बोलवा, तानपुऱ्यावर बसवा, टाळ द्या हातात. हे एका समारोहालाच जमेल असं नाही. प्रत्येक कॉलेजात सभागृह आहे, स्नेहसंमेलन आहे आणि त्यात साउंडवाल्यावर होणारा खर्च आपण सगळ्यांनी कानांनी मोजलेला आहे. त्यातून एका ध्रुपद गायकाचं गाडीभाडं निघत नाही असं मला कोणी सांगू नये.

यंदा पुतण्या पुन्हा फॉर्म भरतोय. दादा कुरकुरत का होईना, सही देतोय. माझं काम मी ठरवलंय. नंबर येवो न येवो, दिवाळीनंतर अंबाजोगाईत एका संध्याकाळी त्याचे पंचेचाळीस मिनिटं लावायची. हार्मोनियमवाल्याशी बोलणं झालंय, तो दोन दिवस आधी येऊन राहायला तयार आहे. ध्रुपद गाणारं कोणी अजून मिळालं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाची ओळख असेल तर कळवा. जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधन मी बघतो, जेवण वहिनीच्या हातचं.