शांत राहायचे म्हणजे काय करायचे?

‘डोके शांत ठेव’ हा उपदेश करणे फार सोपे आहे. गंमत अशी, की ज्यांचे डोके अगोदरच शांत असते तीच माणसे तो करतात. ज्याची बस चुकली आहे, खोलीतल्या नळाचे पाणी गेले आहे आणि पहिल्याच तासाला ज्याला ट्युटोरियल द्यायचे आहे, त्याला हा उपदेश ऐकून उलट राग येतो. मीही त्याच पंथातली. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मी येथे उपदेश करायला बसलेली नाही. माझ्याच हातून जे घडले त्यावरून सुचलेले चार विचार तेवढे मांडते.

मोठ्या संकटात माणूस एकटा नसतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा उंचावरच्या वस्तीतील लोकांनी बुडालेल्यांना आपल्या घरात घेतले. रोजच्या अडचणींचे तसे नसते. त्यांना साक्षीदार नसतो, सहानुभूती नसते आणि सुट्टीही नसते. पायात मोडलेल्या काट्यासारख्या त्या असतात. चालता तर येते, पण पावलोपावली ठणका लागतो. माणसाची खरी परीक्षा तेथेच होते असे मला वाटते, आणि त्या परीक्षेत गेल्या वर्षी मी सपशेल नापास झाले.

झाले असे, की माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. लग्नात आमच्याकडे मुलीचे नाव बदलतात. आईचे तसेच बदलले. एका कागदावर तिचे माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी कागद सरकवला आणि म्हणाले, “या दोन बाया वेगळ्या आहेत.” मी तीन खेपा घातल्या, तिन्ही फुकट. परीक्षेचे शुल्क भरायला दोन दिवस उरले होते. खिडकीशी मी अवाक्षर काढले नाही. लोकांना वाटले असेल, किती शांत मुलगी!

संध्याकाळी आईचा फोन आला. तिने नेहमीप्रमाणे विचारले, “जेवलीस का गं?” आणि माझा बांध फुटला. “तुझ्या नावामुळे हे सगळे झाले,” असे मी ओरडले. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच. पलीकडे काही क्षण नुसती शांतता होती. मग ती म्हणाली, “बरं, ठेवते.” त्या रात्री मला झोप आली नाही. आपले नाव बदलावे की नाही, हे आईला कोणी कधी विचारलेच नव्हते. आणि तिची मुलगी त्याचाच दोष तिच्या पदरात घालत होती.

मी रोज बसची वाट पाहते ती कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापाशी. दोन वर्षे मी त्या पुतळ्याकडे पाहत होते. त्या माणसाची गोष्ट वाचली ती त्यानंतर. मी दापोली तालुक्यातली, आणि धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही आमच्याच तालुक्यातील मुरूडला गेले. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी निघाले. शंभरावर मैलांची वाट, भर पाऊस आणि सह्याद्रीचा घाट. साताऱ्यास पोहोचल्यावर काय झाले? हा मुलगा वयाने लहान दिसतो, असे म्हणून परीक्षकांनी त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही! माझ्या तीन खेपा मला त्यापुढे खेळण्यासारख्या वाटल्या. निराशा त्यांनाही झालीच असणार. पण पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

पुढच्या आयुष्यातही त्यांची हीच रीत दिसते. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या लोकांनी वाळीत टाकले. त्यांनी भांडत बसण्याऐवजी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला, तेव्हा फर्ग्युसनमधील गणिताचे तास आटोपून ते चिखल तुडवीत चारेक मैल पायी आश्रमात जात; आश्रमाला लागणाऱ्या जिनसाही बरोबर नेत. आज त्याच भागाला आपण कर्वेनगर म्हणतो आणि बस दहा मिनिटे उशिरा आली तर हातपाय आपटतो!

यावरून मला एक गोष्ट उमजली. शांतपणा हा स्वभावाचा गुण असेलही, पण त्याहून अधिक तो कामाचा परिणाम आहे. ‘आता पुढचे काम कोणते?’ हा प्रश्न ज्याला सापडतो त्याचे मन हळूहळू थाऱ्यावर येते. खिडकीशी मी गप्प होते, पण ती भीती होती. गप्प बसणे आणि शांत राहणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भीतीपोटी गिळलेला राग नाहीसा होत नाही. तो घरी येतो आणि सर्वांत दुबळ्या माणसावर निघतो.

येथे कोणी विचारील, थोरांचे दाखले देणे ठीक, पण त्यांच्या शांतपणाची झळ घरच्यांना बसतच असेल ना? प्रश्न रास्त आहे. लग्नानंतर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, म्हणजे त्यांचेही नाव बदलले! त्यांनी ‘माझे पुराण’ या नावाने आपले आत्मचरित्र सांगितले आहे. अण्णांचा जीव आश्रमात गुंतलेला असताना संसाराची ओढाताण बायांनाच निभवावी लागली. म्हणून मला वाटते, आपला शांतपणा दुसऱ्याच्या खांद्यावर उभा नाही ना, हेही ज्याने त्याने तपासावे. आई गप्प राहते म्हणून आपण बोलतो, हा कसला न्याय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका कागदावर लिहून काढले : कोणते प्रतिज्ञापत्र हवे, ते कोठे होते, कोणाची सही लागते. एवढे लिहिल्यावरच निम्मा भार उतरला. चौथ्या खेपेला मी खिडकीशी स्पष्ट आवाजात विचारले, “यात आणखी काही कमी असेल तर आत्ताच लिहून द्या.” त्यांनी लिहून दिले. शुल्क मैत्रिणीकडून उसने घेऊन भरले. शिष्यवृत्ती यायची तेव्हा आली. आईची क्षमा मागणे मात्र या सर्वांहून अवघड गेले. ती म्हणाली, “त्यात काय एवढं? तू जेवलीस की नाही ते सांग.”

मी अजून शांत झालेली नाही. बस चुकली की आजही जीव वरखाली होतो. पण फोन वाजला आणि तो आईचा असला, तर उचलण्यापूर्वी मी क्षणभर थांबते. खिडकीवरचा राग खिडकीवरच ठेवते आणि मग म्हणते, “हो आई, जेवले.”