गोडसे भटजी अभ्यासक्रमात हवेत

झाशीत खंडेराव गेटजवळ राहतो आणि इंग्रजी साहित्य शिकवतो. वसाहतवादाचा पेपर म्हटला की कॉनराड, फॉर्स्टर, अचेबे ठरलेलेच. असू देत. पण एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने याच शहराच्या तटाआत काय केले ते स्वतः पाहणारे, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, यादीत नाहीत. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये कत्तल आहे, लूट आहे, ग्रंथालयाची नासाडीही आहे. गोरा शिपाई दारात आला की माणसाचे काय होते, हे भटजी खर्चाचा हिशेब द्यावा तसे सांगतात. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी पुस्तक छापले, तेव्हा इंग्रजी अमलाचा धाक होता. मजकुरात फेरफार झाले. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. या दोन प्रती शेजारी ठेवल्या की वसाहतवाद वेगळा समजावावा लागत नाही. भटजींची जातीची नजरही मुलांनी खुशाल तपासावी. वर्ग तिथेच रंगतो. मराठी येत नाही ही सबब चालणार नाही: अमृतलाल नागरांचा हिंदी अनुवाद आहे, मृणाल पांडे यांचा इंग्रजीही आहे. बुंदेलखंडातल्या अभ्यासमंडळांनी पुढच्या सत्रापासून हे पुस्तक लावावे.